सरांची कोळशाची लॅब आणि आमची तनू

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सोमवार होता. वेळ एवढी पक्की लक्षात राहायचं कारण म्हणजे सरांच्या डोळ्यांत बघायचं मला धाडस नव्हतं आणि घड्याळ त्यांच्या डोक्याच्या बरोब्बर मागे भिंतीवर होतं. सगळी उत्तरं मी घड्याळालाच दिली.

कडेवर आमची तनू. अडीच वर्षांची. एका हातात बिस्कीट, दुसऱ्या हाताने माझं मंगळसूत्र ओढतेय.

सरांनी शिक्षण विचारलं. सातवी, म्हटलं. आकडे लिहिता येतात का? येतात. पॉइंटचे? तेही येतात. मग त्यांनी चष्मा वर केला आणि तनूकडे बघितलं. "आणि ह्या बाई काय करणार?"

मी खरं तेच सांगितलं. हिला ताप चढला की झटका येतो. एकदा डोळे फिरवले होते तिने माझ्या मांडीवर, तेव्हापासून मी हिला कुणाकडे सोडत नाही. हे अंबडला कंपनीत शिफ्टवर असतात, सासूबाई पिंपळगावला. काम द्यायचं असेल तर आम्हा दोघींना द्यावं लागेल.

सरांनी चष्मा परत खाली घेतला. मग म्हणाले, "पगार एकीचाच मिळेल. महिनाभर बघू."

अठ्ठ्याण्णव सालची ही गोष्ट. तो महिना कधी संपला हे सरांनी मला आजवर सांगितलेलं नाही. आणि तेव्हापासून किस्से साठतायत. कोळशाची भुकटी कशी, कितीही झटकली तरी पिशवीच्या शिवणीत राहतेच, तसे. हळदीकुंकवाला बसले की बायका म्हणतात, मंगल, तुझ्या त्या लॅबचं सांग की काहीतरी. म्हटलं एकदाचं लिहूनच काढू.

*

आधी लॅब म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

नाशिकरोडला जेलरोडवर एका बंगल्याचा तळमजला सरांनी भाड्याने घेतला होता. सर रिटायर्ड भूगर्भवाले. जिथे जमिनीत खोल भोकं पाडतात तिथून कोळशाचे तुकडे पिशव्यांमधून आमच्याकडे यायचे. ते कुटायचे, चाळायचे, रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या डिंकासारख्या चिकात घालून त्याच्या सुपारीच्या डबीएवढ्या वड्या पाडायच्या. मग चाकावर घासून घासून त्या आरशासारख्या करायच्या. कुटायचं काम रंगनाथमामांचं, वड्या आणि पॉलिश माझं. शेवटी वैशाली मॅडम अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली धरून कोळसा किती चमकतो ते मोजायच्या. बस. आमच्या लॅबमध्ये माणसं एवढीच. आणि तनू.

रंगनाथमामा एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात कोळशावरच म्हातारे झालेले. तिथे कोळसा रेल्वेच्या वाघिणींनी येतो. आमच्याकडे पहिली पिशवी आली ती शाळेच्या डब्याएवढी. मामांनी ती हातात धरून विचारलं, "बाकीचा कवा येणार?"

सर म्हणाले, एवढाच. आणि महिनाभर पुरवायचाय.

मामांनी मनावर घेतलं. आपलं कामात नाव खराब व्हायला नको म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत खलबत्त्यात त्यांनी तो सगळा कोळसा असा काही कुटला, की काजळ मागे पडावं. बोटावर घेऊन फुंकला तर उडून जाईल. सरांपुढे अभिमानाने वाटी ठेवली. "बघा सर. बायलरला पंखा लावायची बी गरज नाय."

आम्हाला साखरेच्या दाण्याएवढे कण लागतात. पिठात मायक्रोस्कोपला काय दिसणार? सर खुर्चीतून उठले, परत बसले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "मामा, आपल्याला तो जाळायचा नाहीये. बघायचाय."

मामा दोन दिवस वाटीकडे बघून मान हलवत होते. "नुसता बघायचा," म्हणायचे, "एवढा झकास कोळसा."

*

तनूसाठी मी पर्समध्ये थर्मामीटर ठेवायची. आता हसायला येतं, पण तेव्हा तासातासाला तिच्या काखेत लावायची. सरांनी कधी कटकट केली नाही. उलट धुळीने तिला त्रास नको म्हणून कुटायचं काम त्यांनी पहिल्याच आठवड्यात मागच्या पडवीत हलवलं, आणि मामांनी आपणहून दारावर ओलं गोणपाट बांधलं.

एक दिवस सकाळी आल्यावर पहिल्यांदाच थर्मामीटर लावला तर एकशे दोन! मी वडी तशीच चाकावर सोडली, तनूला उचललं, चपला हातात घेतल्या आणि निघालेच. मॅडम आडव्या आल्या. त्यांनी तनूच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला. पोर थंडगार. वर हसतेय.

सरांनी थर्मामीटर मागून घेतला. "काल हिला ताप होता?" काल रात्री होता, म्हटलं, पहाटे घाम येऊन उतरला. "आणि नंतर पारा झटकलात?"

मी चपला खाली ठेवल्या. झटकायचं राहिलं होतं. तो आकडा कालचा होता.

सरांनी मला खाली बसवलं, पाणी दिलं, आणि मी पाणी पीत असताना त्यांच्या सगळ्या शास्त्राचा उलगडा करून टाकला. म्हणाले, कोळसा म्हणजे गाडलं गेलेलं रान. त्यावर गाळाचे थर साठत जातात, ते खोल खोल जातं. जितकं खोल तितकी उष्णता. जेवढा जास्त तापला, तेवढा कोळसा जास्त चमकतो. पुढे वरची जमीन झिजून वाहून जाते, कोळसा वर येतो, थंड होतो. पण चमक उतरत नाही. त्याला आयुष्यात जास्तीत जास्त किती ताप आला होता, ते तो धरून बसतो. त्यावरून आपण हिशोब मांडतो, की हा कधीकाळी किती खोल पुरला होता, आणि त्याच्या डोक्यावरची किती जमीन नाहीशी झालीय. तेल शोधणाऱ्यांना तेच हवं असतं. खालचा खडक कच्चा राहिला, नीट शिजला, की करपून गेला?

"तुमच्या हातात आहे ना, तसाच थर्मामीटर," सर म्हणाले. "फक्त झटकता येत नाही एवढंच."

सातवीपर्यंतच्या सगळ्या शाळेत मला एवढं एकदम कधी कळलं नव्हतं. त्या दिवसापासून काम करताना माझा हातच बदलला. वडी घासताना वाटायचं, बाई गं, तुला केवढा ताप येऊन गेलाय.

*

मध्य प्रदेशाकडच्या एका खाणीचे कोळसे आले होते. सर आलेख कागदावर टिंबं काढायचे. वरचा कोळसा कमी चमकणारा, खालचा जास्त, अशी टिंबांची रांग तिरकी उतरत जाते. सगळी टिंबं रांगेत उभी होती आणि मध्येच एक भलतीकडे जाऊन बसलं. त्याची चमक एवढी, की तो तुकडा बाकीच्यांपेक्षा कितीतरी किलोमीटर खोल जाऊन आला असला पाहिजे. आणि सापडला मात्र त्यांच्या मधोमध.

मॅडमना वाटलं आपलं चुकलं. परत मोजलं. मी नवीन वडी पाडली. तेच. मामांनी शपथेवर सांगितलं की खलबत्ता धुतला होता. दोन दिवस आम्ही तेच तेच तपासत बसलो.

तिसऱ्या दिवशी सरांनी खाणीवर फोन लावला. तिकडच्या माणसाला विचारलं, त्या जागेजवळ काळा कठीण दगड लागला होता का? तो म्हणाला, लागला होता की, भिंतीसारखा उभाच्या उभा घुसलेला. पण तो कोळसा नाही म्हणून आम्ही कळवलं नाही.

सरांनी फोन ठेवला आणि आम्हाला सगळ्यांना गच्चीवर नेलं. समोर पांडवलेण्यांचा डोंगर दिसत होता. म्हणाले, हा आपला काळा दगड एकेकाळी उकळता रस होता. तोच तिकडे जमिनीच्या फटीतून वर चढला आणि वाटेत त्या कोळशाला चटका देऊन गेला. तो कोळसा खोल गेलाच नव्हता. शेजार तापट मिळाला, एवढंच.

मामा डोंगराकडे बघत राहिले. "म्हंजे नाशिकवाला तिकडं बी नडला."

*

माझ्या सासूबाई पिंपळगावहून खास बघायला आल्या होत्या, सून कुठे जाते ते. त्यांना सांगितलं होतं लॅब. त्यांच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट, काचेच्या नळ्या. आल्या तेव्हा मी मामांच्या हाताखाली पडवीत, कोपरापर्यंत काळी.

त्यांनी आधी तनूला उचलून पदराने तिचं नाक पुसलं, पदर उजेडात धरून बघितला. काळं काही निघालं नाही, तेव्हा कुठे बसल्या.

सरांनी त्यांना चहा दिला आणि उत्साहाने सगळं समजावलं. या कोळशावर कधीतरी हजारो फूट जमीन होती, ती आता नाही, पण ती किती होती ते आम्ही मोजतो. सासूबाईंचं आयुष्य द्राक्षबागेत गेलेलं, शेताच्या बांधावरून तीन मोजण्या बघितलेल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जी जमीन नाही, तिची मोजणी?"

"हो."

"मग सर, तुम्ही तलाठी व्हायला पाहिजे होतं."

सर एवढे हसले की चहा बशीत सांडला. जाताना सासूबाईंनी वडी हातात घेतली, तोंड बघितलं त्यात. "चांदीवर एवढी मेहनत घेतली असती तर सून माझी सोनारीण झाली असती," असं म्हणून टेम्पो पकडायला निघाल्या. पण घरी जाऊन सगळ्या भावकीत सांगितलं म्हणे, की आमची मंगल शास्त्रज्ञाकडे आहे.

*

वैशाली मॅडमचं बघण्याचं सुरू होतं. त्यांचे वडील नव्हते, म्हणून आईने सरांना बैठकीला बोलावलं आणि सरांनी मला. आईला चहापोह्यांना मदत म्हणून. तनू होतीच.

मुलाची आई चांगली होती, पण प्रश्न विचारायची तिला हौस. नोकरी काय? मॅडम म्हणाल्या, कोळशाची चमक मोजते. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. मुलाच्या मामांनी विचारलं, चमक कशाला मोजायची? सरांनी सुरुवात केली ती थेट गाडलेल्या रानापासून. पोहे थंड झाले.

शेवटी मुलाच्या आईने विषय जागेवर आणला. "ते सगळं ठीक आहे हो. पण मुलीला स्वयंपाक कितपत जमतो?"

मॅडम काही बोलायच्या आत सर म्हणाले, "कच्चं, शिजलेलं की करपलेलं, हे ती दोन दशांशांपर्यंत सांगते."

मुलगा इतका वेळ गालिचाकडे बघत होता. तो पहिल्यांदा हसला. मॅडमनी पण तेव्हाच पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. लग्नात सरांना मानाचा फेटा होता.

*

आता शेवटचा. 

मी लागले त्याच साली लॅबचं काही खरं नव्हतं. कामं तुटक तुटक यायची. तेल शोधणारी एक मोठी कंपनी आम्हाला कायमचं काम द्यायच्या विचारात होती, पण आधी त्यांचा साहेब येऊन लॅब तपासणार, आणि त्याने हो म्हटलं तरच. नाहीतर दिवाळीनंतर कुलूप. सरांनी हे आम्हाला लपवून न ठेवता सांगितलं. मग मला बाजूला बोलावलं आणि खाली बघत म्हणाले, "मंगलताई, तेवढा एक दिवस तनूला घरी ठेवता येईल का?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. मोठ्या कंपनीच्या माणसाला लॅबमध्ये पोर फिरताना दिसलं तर तो काय समजेल? आणि मला तर दुहेरी धास्ती. लॅब गेली तर तनूसकट मला कोण ठेवून घेणार होतं?

सासूबाई सकाळी येणार ठरलं. आणि त्याच सकाळी कांद्याच्या भावावरून हायवेला रास्ता रोको. पिंपळगावहून एक टेम्पो हलेना. यांची फर्स्ट शिफ्ट. शेजारीण म्हणाली, ठेव माझ्याकडे. मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. आदल्या रात्री तिचं अंग कोमट होतं. माझ्याच्याने होईना.

तिला कडेवर घेऊन लॅबमध्ये शिरले तेव्हा सर टाय बांधत होते. बघितलं, आणि टाय बांधत राहिले.  रागावले असते तर बरं झालं असतं.

मॅडम म्हणाल्या, घाबरू नका. साहेब अकराला येणार, कागद बघणार, जेवून जाणार. ही एक वाजता झोपते तेव्हा तो गेलेला असेल. तोवर मामा तिला गच्चीवर खेळवतील.

आता तनूच्या झोपेचं सांगायलाच हवं. ती रोज दुपारी त्या अंधाऱ्या खोलीत मागच्या टेबलाखाली गोधडीवर झोपायची. खोली थंड असायची. मॅडम मायक्रोस्कोपमधून बघत हळू आवाजात एकेक आकडा सांगायच्या आणि मी छोट्या बॅटरीच्या उजेडात लिहून घ्यायची. झिरो पॉइंट सिक्स टू. झिरो पॉइंट सिक्स फोर. झिरो पॉइंट सिक्स वन. या आकड्यांवर पोरगी झोपायला शिकली. घरी अंगाई म्हटली तर ऐकायची नाही. यांना रात्री आकडे म्हणावे लागायचे. हे बिचारे दमून आलेले, मनाला येईल ते म्हणायचे. झिरो पॉइंट टू, थ्री पॉइंट एट. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, अहो, एकाच कोळशात एवढी उडी पडत नाही.

तर त्या दिवशी साहेबांची गाडी लेट. अकराचे साडेबारा झाले, एक झाला. तनू गच्चीवर डोळे चोळायला लागली. मामा तिला घेऊन खाली आले, मॅडमनी उगाच एक जुनी वडी लावली, दहा-वीस आकडे म्हटले आणि ती झोपली. मी गोधडीचं टोक टेबलाच्या आत खोचलं, तेवढ्यात गेट वाजलं.

साहेब उंच, बोलणं कमी. सरांनी कागद पुढे केले तर म्हणाले, आधी मशीन बघू. सरळ अंधाऱ्या खोलीतच. खिशातून स्वतःची एक वडी काढली. तिचा आकडा त्यांना माहीत होता, आम्हाला नाही. म्हणाले, पन्नास रीडिंग घ्या, मी इथेच बसतो. आणि स्टूल ओढून बसले ते त्या मागच्या टेबलाला पाठ टेकून.

दार लागलं. अंधार. मॅडमनी सुरुवात केली. त्यांचा आवाज जराही हलला नाही. माझे आकडे मात्र ओळ सोडून खाली जात होते. टेबलाखालून तनूचा श्वास मला ऐकू येत होता. साहेबांना कसा येत नव्हता देव जाणे.

पन्नास झाले. मी बॅटरी विझवली. रोज काम संपलं की मॅडम आवाज उतरवत उतरवत थांबायच्या, म्हणजे तनू दचकत नाही. आज त्या थांबल्याच नाहीत. म्हणाल्या, "साहेब, शंभर घेऊ या का? सरासरी जास्त पक्की येते."

"नको," साहेब म्हणाले. "पन्नास पुरे."

खोली एकदम गप्प झाली. मी डोळे मिटून घेतले. अंधारात डोळे मिटून काय होणार, पण मिटले.

आणि टेबलाखालून झोपाळू आवाज आला.

"अजून."

कुणी हललं नाही. दाराबाहेर सरांच्या बुटांचा आवाज होत होता, तोही थांबला. साहेबांचं स्टूल करकरलं. ते वाकले असावेत. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, काही म्हणता काही दिसत नव्हतं. गोधडी सरकल्याचा आवाज झाला, आणि परत स्टूल करकरलं.

मग साहेब म्हणाले, "मॅडम, अजून पन्नास घ्या." आणि थोड्या वेळाने, "जरा हळू आवाजात."

*

त्या कंपनीच्या पेट्या आता एवढ्या येतात की पॉलिशचं काम माझ्या एकटीने उरकत नाही. त्यात माझा धाकटा पाळण्यात. तेव्हा सरांना आणखी एक बाई हवी आहे. आकडे लिहिता आले पाहिजेत, पॉइंटचे. नखं काळी होतील. मूल लहान असेल आणि कुणाकडे सोडायला जीव होत नसेल, तर घेऊन यावं, असं सरांनी स्वतः सांगितलंय. टेबलाखाली जागा आहे. तुमच्या ओळखीत कुणी अशी असेल तर तिला एवढं सांगा. तुमच्या नसेल, तर ज्यांच्या असेल त्यांना सांगा.